घाटावरची माणसं बोटीवर

कऱ्हाडला, तासगावला किंवा कोरेगावला कुणी क्रूझचं तिकीट काढलं की घरात पहिला प्रश्न येतो, "बोट लागली तर?" भाड्याचा आणि जेवणाचा प्रश्न नंतरचा. हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि सगळ्या तयारीची सुरुवात तिथूनच करावी.

आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी बोट पाहिलेली असते ती कोयनेच्या शिवसागरात. तापोळ्याला फेरी मारलेली असते, किंवा बामणोलीहून वासोट्याला जाताना तास-दीड तास लाँचमध्ये बसलेले असतात. तिथे काही झालं नाही, म्हणजे समुद्रातही होणार नाही, असा हिशेब मनात पक्का बसतो. तो चुकीचा आहे. धरणाच्या पाण्यावर वाऱ्याने उठणाऱ्या लाटा लहान आणि तुटक असतात. समुद्रात दुरून येणारी लांब, संथ लाट असते. ती अख्खी बोट सावकाश उचलते आणि सावकाश खाली ठेवते, आणि पोट ढवळतं ते या संथ उचल-ठेवीमुळे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय. डोळ्यांसमोरची केबिनची भिंत सांगते की सगळं स्थिर आहे. दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि मेंदू गोंधळतो.

खरी परीक्षा घ्यायची तर ती घाटात घ्यावी. पसरणी घाटात, आंबेनळीत किंवा कुंभार्ली उतरताना ज्याला एसटीची खिडकी लागते, त्याने बोटीवर गोळी घेऊनच चढावं. हा काही शास्त्रीय निकष नाही, पण गाडी लागणं आणि बोट लागणं ही एकाच कारणाची दोन रूपं आहेत, म्हणून अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, प्रोमेथाझिन अशा औषधांच्या गोळ्या मिळतात. त्या मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या असतात. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. त्यांनी झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना त्यातल्या काही चालत नाहीत, म्हणून घरच्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. सौम्य मळमळीवर आल्याचा उपयोग होतो. सातारा जिल्हा आल्याचं आगर, त्यामुळे आलेपाकाच्या वड्यांचं पुडकं पिशवीत टाकायला आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्रास सुरू झाला की केबिनमध्ये जाऊन डोळे मोबाइलवर लावू नयेत. उघड्या डेकवर यावं, जिथे आकाश आणि पाणी मिळतं त्या रेषेकडे पाहत राहावं. डोळ्यांना हालचाल दिसू लागली की कानाशी त्यांचं जमतं.

केबिन निवडताना हेच ध्यानात ठेवावं. बोट पुढून-मागून उचलली जाते तेव्हा टोकं सगळ्यात जास्त हलतात, मधला भाग सगळ्यात कमी. उंचावरचे मजले जास्त झुलतात. म्हणून बोट लागणाऱ्याने मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. ती बहुधा स्वस्तही असते. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख बसवलेले असतात, त्यामुळे डावी-उजवीकडचं डुलणं खूपच कमी होतं. पुढे-मागे होणारी उचल मात्र त्यांनी थांबत नाही.

खिडकी नसलेल्या आतल्या केबिनबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. तरुण जोडप्याने किंवा दिवसभर डेकवर राहणाऱ्याने तीच घ्यावी आणि वाचलेले पैसे दुसऱ्या सहलीला ठेवावेत. दिवा मालवला की तिथे हाताला हात दिसत नाही, सकाळ झाली की नाही ते कळत नाही. रात्री एक छोटा दिवा चालू ठेवला की झालं. पण बरोबर गुडघे दुखणारी आई असेल, दिवसातून चारदा जिने-लिफ्ट करून तिला डेकवर जायला जमणार नसेल, तर बाल्कनीच्या केबिनचे जादा पैसे खुशाल द्यावेत. तिला समुद्र पाहायला मिळेल तो तिथूनच. माझ्या मते हा एकच जादा खर्च असा आहे की ज्याबद्दल घासाघीस करू नये.

जायचं कधी? पश्चिम किनाऱ्यावरचा क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, १ जूनपासून मासेमारीही बंद होते. मुंबईहून फिरणारी बोट अशा दिवसांत पूर्व किनाऱ्यावर, चेन्नईकडे गेलेली आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी सगळ्यात शांत. आपल्याकडची अडचण अशी की नेमका तोच उसाचा गळीत हंगाम. तोड कधी येईल याचा भरवसा नसतो आणि टोळी आली की शेत सोडून कुठे जाता येत नाही. ज्यांचा ऊस हंगामाच्या आरंभी जातो त्यांना जानेवारी-फेब्रुवारी मोकळा मिळतो. ज्यांचा शेवटी जातो, त्यांनी मार्चअखेर किंवा एप्रिलचा पहिला पंधरवडा पाहावा. मेचा उत्तरार्ध मी कुणाला सुचवत नाही. मुलांच्या सुट्टीमुळे गर्दी असते, भाडं चढतं आणि मान्सूनच्या आधीची लांब लाट किनाऱ्याकडे यायला लागलेली असते.

सातारा-सांगलीच्या माणसाला समुद्र अगदीच परका, असं मात्र म्हणता येत नाही. १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांनी शाहू महाराजांची बाजू घेतली, तेव्हापासून मराठी आरमाराचा सरखेल सातारच्या गादीचा मानकरी होता. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, तेव्हा त्यांचं गाऱ्हाणं घेऊन रंगो बापूजी गुप्ते समुद्रमार्गे विलायतेला गेले आणि १८५३ पर्यंत लंडनमध्ये भांडत राहिले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, त्याच्या कितीतरी आधीचा हा प्रवास. धर्म बुडण्याची भीती होती आणि परतीची खात्री नव्हती. पुढे पहिल्या महायुद्धात इथल्या गावांतली पोरं मुंबईच्या गोदीतून बसऱ्याला गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ उभा आहे. या सगळ्यांनी समुद्र ओलांडला तो कामासाठी, कर्तव्यासाठी. मौजेसाठी बोटीवर चढणारी आपली ही पहिलीच पिढी आहे. सांगायला घरात कुणी नाही, म्हणून बारीकसारीक गोष्टी इथे विस्ताराने लिहितो आहे.

मुंबईहून सुट्टीसाठी बोटीने जायची सोय गेल्या काही वर्षांतली. २०१८ मध्ये कान्होजींच्याच नावाने 'आंग्रिया' ही बोट मुंबई-गोवा सुरू झाली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागली. ही बोट १९९० मध्ये फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीतून बाहेर पडली. लांबी सुमारे २१० मीटर, अकरा डेक. आजच्या जगातल्या राक्षसी बोटींपुढे ती लहान वाटते, पण पहिल्या प्रवासाला लहानच बरी, कारण दोन दिवसांत ती पायाखालची होते. पहिल्याच झटक्यात सिंगापूर किंवा युरोपच्या आठ दिवसांच्या क्रूझवर घरच्या दहा जणांना नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आधी दोन-तीन रात्रींची देशातली फेरी करावी, कुणाला बोट लागते, कुणाला करमत नाही ते पाहावं आणि मग पुढचं ठरवावं.

आता घरातून निघण्याचं. बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आपल्याला ही मोठीच सोय, कारण महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मिरज-सांगली, कऱ्हाड, सातारा करत सकाळी थेट तिथेच पोचवते. बोटीवर चढणं बहुधा दुपारी असतं. कागदावर हे गणित सुंदर जमतं, तरीही त्याच सकाळच्या गाडीवर विसंबू नये. गाडी चार तास रखडली किंवा स्वतःची गाडी घेऊन निघालात आणि खंबाटकीत, खंडाळ्यात अडकलात, तर नोंदणीची खिडकी बंद होते आणि बोट कुणासाठी थांबत नाही. तिकिटाचे पैसेही जातात. आदल्या रात्री मुंबईत मुक्कामाला असावं. पाटण-जावळीतल्या घरांना तर हे फारच सोपं आहे. माथाडी कामाच्या निमित्ताने गेलेला मामा नाहीतर चुलता कोपरखैरण्याला, घणसोलीला असतोच.

कागदपत्रांत घोळ होतो तो नावाचा. आधारवर वडिलांचं नाव मधे, तिकिटावर फक्त नाव-आडनाव, बायकोच्या एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं. देशांतर्गत फेरीला सरकारी ओळखपत्र चालतं, पण तिकिटावरचं नाव त्याच्याशी अक्षरशः जुळलं पाहिजे. लहान मुलांचंही ओळखपत्र लागतं. परदेशी फेरीसाठी पासपोर्टला निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. आणखी एक गोष्ट ट्रॅव्हल एजंटही कधीकधी विसरतात: दुबईहून निघालेली बोट ओमानला जाऊन पुन्हा दुबईला येते, म्हणजे कायद्याने तुम्ही देश सोडून परत आत येता. अशा वेळी एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अपुरा पडतो. अनेकदा प्रवेशाचा व्हिसा लागतो का, हे पैसे भरण्याआधी विचारावं.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. तोवरच्या पाच-सहा तासांसाठी औषधं, कागद, चष्मा, एक कपड्यांचा जोड हातपिशवीत असावा. इन्सुलिन बॅगेत जाऊ देऊ नये. इस्त्री, पाण्याची किटली, घरचं शिजवलेलं अन्न, दारू हे तपासणीत काढून घेतात. उदबत्ती आणि निरांजनही चालत नाही, कारण भर समुद्रात आगीइतकी दुसऱ्या कशाची धास्ती नसते. ज्यांची रोजची पूजा चुकत नाही त्यांनी देवाचा छोटा फोटो न्यावा आणि हात जोडावेत. सांगलीचं भडंग आणि साताऱ्याचे कंदी पेढे गाडीतच संपवावेत हे उत्तम. बोटीवर खाण्याची ददात नसते. शाकाहारी, जैन जेवण देशातल्या बोटींवर सहज मिळतं, परदेशी बोटीवर ते आधी कळवावं लागतं.

बोट सुटण्याच्या सुमारास सुरक्षेची कवायत होते. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजतो, आपल्या केबिनला नेमून दिलेल्या ठिकाणी जायचं असतं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते दाखवतात. नेमकी तेव्हाच माणसं फोटो काढत असतात, नाहीतर आधी बुफेकडे वळलेली असतात. असं करू नये, हे मला कळकळीने सांगायचं आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईपासून काही मैलांवर, काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांनी खच्चून भरलेली बोट कृष्णेच्या पाण्यात उलटली. ते दृश्य सांगली जिल्हा विसरलेला नाही. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून ३२ जण दगावले. त्या बोटीवर नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायची राहिलेली होती. तेव्हापासून नियम कडक झाले. आधुनिक क्रूझ बोट सुरक्षित आहे, यात शंका नाही. पण तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या जमण्याच्या जागेचा रस्ता माहीत आहे का, हे तुम्हीच पाहायचं असतं. कवायत झाल्यावर त्यांना एकदा केबिनपासून तिथपर्यंत जिन्याने चालवून आणावं. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते.

ज्येष्ठांना धोका असतो तो लाटेपेक्षा उंबऱ्याचा. बोटीवर न्हाणीघराला आणि डेकच्या दारांना पाणी आत येऊ नये म्हणून चांगला वीतभर उंबरा असतो, आणि रात्री झोपेत उठलेला माणूस तिथे अडखळतो. न्हाणीघर इतकं अरुंद असतं की कोपर वळवताना भिंतीला लागतं. आत पकडायला कठडा असतो, तो पहिल्याच दिवशी हाताने चाचपून ठेवावा. संडासातलं पाणी हवेच्या दाबाने खेचलं जातं, त्याचा आवाज दचकवणारा असतो, म्हणून उठून झाकण लावूनच बटण दाबावं. परदेशी बोटींवर पाण्याची नळी बहुधा नसते. एक प्लास्टिकचा मग बरोबर घ्यावा. चपला रबरी तळव्याच्या हव्यात. आत एसी कडक असतो, शाल लागतेच.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी एका गोष्टीची मनाशी तयारी करावी. तिथे मोठी बोट धक्क्याला लागत नाही. प्रवाळाच्या उथळ पाण्याबाहेर ती थांबते आणि तिच्या कुशीतलं, पाण्यालगतचं एक दार उघडतं. त्या दाराशी लहान होडी येते. लाटेबरोबर होडी वर येते, क्षणभर दाराच्या पातळीला बरोबर होते आणि पुन्हा फूट-दीड फूट खाली जाते. दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात. ते तुमचा पंजा धरत नाहीत, कोपराखालचा हात धरतात. तुम्हीही त्यांचा हात तसाच कोपराखाली घट्ट धरायचा, म्हणजे ओला पंजा निसटला तरी पकड सुटत नाही. होडी वर आली की खलाशी "आता" म्हणतो आणि त्याच क्षणी एक पाय टाकायचा. उडी मारायची नाही आणि अर्ध्यावर विचार बदलायचा नाही. पिशवी, मोबाइल, पर्स हातात ठेवायची नाही. नऊवारी नेसणाऱ्या आजींना हे पाचवारीवाल्यांपेक्षा सोपं जातं. ज्यांचे गुडघे बदलले आहेत त्यांनी मोठ्या बोटीवरच थांबावं, तिथूनही निळं-हिरवं पाणी दिसतं. लाट जास्त असली तर कप्तान उतरणंच रद्द करतो. त्यावर हुज्जत घालू नये. किनाऱ्यापेक्षा माणसं परत आणणं त्याला महत्त्वाचं असतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. जाहिरातीतल्या आकड्यात बंदराचे आकार, जीएसटी, सेवाशुल्क पुष्कळदा धरलेलं नसतं. सगळं मिळून दर माणशी किती, एवढंच विचारावं. बोटीवर रोख चालत नाही. केबिनच्या कार्डावर खर्च चढत जातो, त्यामुळे मुलांच्या हातात कार्ड देताना मर्यादा घालून द्यावी. किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते आणि फोन आपोआप बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडू शकतो, ज्याचा दर भलताच असतो. बंदर सोडताच फोन विमान मोडवर टाकावा. घरी तसं आधी सांगून ठेवावं, म्हणजे दोन दिवस फोन लागला नाही म्हणून कुणी घाबरणार नाही.

बोटीवरचा डॉक्टर तातडीचं पाहतो, पण त्याचं बिल वेगळं येतं आणि मोठं इस्पितळ काही तासांच्या अंतरावर असतं. मिरजेच्या आसपास राहणाऱ्यांना हाकेच्या अंतरावर तज्ज्ञ असण्याची सवय झालेली असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नेहमीची औषधं दोन दिवस जास्तीची घ्यावीत, चिठ्ठीची प्रत ठेवावी, प्रवास विमा काढावा. आणि जेवणाआधी हात साबण-पाण्याने धुवावेत. बोटींवर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला नीट दाद देत नाही.

बोट सुटते ती वेळ केबिनमध्ये सामान लावण्यात घालवू नका. वर या आणि डाव्या अंगाला उभे राहा. कुलाब्याच्या टोकाचा, १८७५ च्या सुमाराचा प्रोंग्स दीपस्तंभ मागे पडतो आणि बोट दक्षिणेला वळली की किनारा डावीकडे राहतो. हवा स्वच्छ असेल तर त्या बाजूला खांदेरी दिसते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला हा जलदुर्ग आणि आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगड, दोन्ही २०२५ मध्ये युनेस्कोच्या एकाच यादीत आले. प्रतापगडावरून ज्यांनी कोकणाकडे पाहिलं आहे, त्यांनी त्याच राज्याची दुसरी हद्द इथून पाहावी. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग रात्रीच्या अंधारात निघून जातात. गोव्याला जाताना डाव्या बाजूच्या बाल्कनीला सूर्योदय मिळतो, उजवीला सूर्यास्त, येताना उलट. केबिन घेताना एवढं विचारून घ्या.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आणि चपला त्यात बंद करू नका, आणि खर्चाचा कागद त्याच रात्री तपासून घ्या, सकाळी काउंटरवर रांग असते. परतीला सकाळी सुटणाऱ्या कोयना एक्सप्रेसचं तिकीट काढू नये. उतरायला उशीर होतो आणि गाडी चुकते. रात्रीची महालक्ष्मी काढावी. जमिनीवर आल्यावरही एक-दोन दिवस काहींना पायाखाली डुलल्यासारखं वाटतं, न्हाणीघरात डोळे मिटले की जास्तच. ते आपोआप जातं. पण पहाटे सातारा किंवा सांगली स्टेशनवर उतरून गावापर्यंत गाडी चालवायची असेल, तर स्टेअरिंग अशा माणसाच्या हाती द्या, जो बोटीवर गेलाच नव्हता.